सूर्याची थरथर आणि जंबुपार किरण

बाजारात माठ विकत घेताना आई काय करते ते तुम्ही पाहिले असेल. ती माठावर बोटाच्या पेराने टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. माठ खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कोठे तरी तडा आहे. माठ फोडून पाहावा लागत नाही. वस्तू कशी थरथरते यावरून ती आतून कशी आहे हे ओळखण्याची ही युक्ती फार जुनी. याच युक्तीने शास्त्रज्ञ पंधरा कोटी किलोमीटर दूर असलेल्या सूर्याच्या पोटात डोकावतात. एवढेच नव्हे, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जंबुपार किरणांतून (यांनाच तुमच्या पुस्तकात अतिनील किरण म्हटलेले असेल) ही थरथर पाहिली, तर सूर्याचे एक जुने कोडे सुटण्याची शक्यता आहे. ते कोडे काय, हे पुढे येईलच. आधी आपण सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत एक फेरी मारून येऊ. तेथे आपल्याला दोन गोष्टी शिकायच्या आहेत.

मिरजेचा तंबोरा

सांगली जिल्ह्यातील मिरज हे तंतुवाद्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकापासून तेथे सतारी आणि तंबोरे बनतात. या धंद्याच्या आद्य कारागिरांत फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव घेतले जाते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

तंबोऱ्याची तार छेडली की तिच्यावरून एक लाट धावते. टोकाशी पोचली की ती परत फिरते, दुसऱ्या टोकावरून पुन्हा परतते. दोन टोकांमध्ये ती कोंडली जाते. अशा कोंडलेल्या लाटेला वाटेल त्या कंप्रतेने थरथरता येत नाही. तारेची लांबी, ताण आणि जाडी यांनी ठरवून दिलेल्या काही ठराविक कंप्रताच तिला मोकळ्या असतात. म्हणून तर तारेतून नुसता गोंगाट न येता स्वर येतो. ही पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेवा: लाट कोंडली की स्वर तयार होतो, आणि स्वर कळला की ज्यात ती कोंडली त्याविषयी आपल्याला काही सांगता येते.

मिरजेतच आणखी एक गंमत पाहायला मिळते. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, म्हणजे जोडी, एकाच षड्जात लावायच्या असतात. त्या जवळजवळ जुळल्या, पण पुरत्या जुळल्या नाहीत, की आवाज लहान-मोठा होत हेलकावतो. तारा जसजशा जुळत येतात तसतसा हेलकावा संथ होतो. दोन कंप्रतांत सेकंदाला एका कंपनाचा फरक असेल तर हेलकावा एका सेकंदात पुरा होतो. दहाव्या भागाचा फरक असेल तर त्याला दहा सेकंद लागतात. म्हणजे फरक जितका बारीक, तितका वेळ कान लावून बसावे लागते. घाई करणाऱ्याला तंबोरा लावता येत नाही, आणि पुढे दिसेल की सूर्याचेही तसेच आहे.

कोयनेचा धक्का

दुसरी गोष्ट सातारा जिल्ह्यातली आहे, आणि ती दुःखाची आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी पाटण तालुक्यात कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली. मी तेव्हा लहान होतो. फळीवरची पितळी भांडी एकामागून एक खाली येत होती तो आवाज मला अजून आठवतो. जमीन हलल्याचे मात्र आठवत नाही.

त्या धक्क्याच्या लाटा केवळ महाराष्ट्रातच फिरल्या नाहीत. त्या पृथ्वीच्या पोटातून गेल्या आणि दूरदूरच्या देशांतील भूकंपमापकांवर उमटल्या. लाट कोणत्या वाटेने गेली, किती वेळात पोचली, कोठे वाकली, यावरून मधल्या खडकांची माहिती मिळते. भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी १९०६ साली अशाच नोंदींवरून पृथ्वीला वेगळा गाभा असल्याचे दाखवले. तेथवर कोणी खणत गेले नव्हते, आणि जाणारही नाही. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी घेतलेले जे विवर २०१७ साली पूर्ण झाले ते तीन किलोमीटर खोल आहे. काम मोठे कष्टाचे. पण पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे हे ध्यानात घ्या, म्हणजे लाटांवाचून गत्यंतर का नाही ते समजेल.

सूर्य थरथरतो हे कसे कळले

आता सूर्याकडे वळू. (प्रत्यक्ष डोळ्यांनी मात्र सूर्याकडे कधीही पाहू नका. दुर्बिणीतून तर मुळीच नाही.)

किर्लोस्करवाडीसारख्या स्टेशनावर उभे असताना न थांबणारी एखादी गाडी शिट्टी देत गेली, तर गाडी जवळ येताना शिट्टी चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. प्रकाशाचेही असेच होते. सूर्याचा वायू आपल्याकडे येत असेल तर वर्णपटातील काळ्या रेषा किंचित निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. रॉबर्ट लेटन यांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेतून या रेषा मोजल्या. सूर्याच्या पृष्ठभागावरील वायू दर पाच मिनिटांनी खालीवर होत असल्याचे त्यांना आढळले. वेग सेकंदाला अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. नॉइस आणि सायमन या सहकाऱ्यांसह त्यांनी १९६२ साली ही हकीकत सविस्तर प्रसिद्ध केली.

पहिली काही वर्षे पुष्कळांना वाटे, की उकळत्या दुधावरची साय हलते तसा हा वरवरचाच प्रकार असावा. १९७० साली रॉजर अलरिच यांनी, आणि स्वतंत्रपणे १९७१ साली लायबाकर व स्टाइन यांनी वेगळा विचार मांडला: या सूर्याच्या आत कोंडलेल्या ध्वनिलाटा आहेत. १९७५ साली डॉयबनर यांच्या निरीक्षणांत नेमक्या अपेक्षित कंप्रता सापडल्या आणि शंका फिटली. सूर्य हा एक तंबोराच ठरला. मात्र तो छेडायला कोणी लागत नाही. सूर्याच्या वरच्या थरांत वायू सतत खळखळत असतो. त्याचा एकेक बुडबुडा सुमारे हजार किलोमीटर रुंद, म्हणजे आपल्या राज्याच्या पूर्व-पश्चिम लांबीहूनही मोठा. ही खळबळच त्याला अहोरात्र वाजवत राहते.

हा स्वर आपल्याला ऐकू का येत नाही? मधली पोकळी आड येते हे तर खरेच. पण हवा असती तरी तो ऐकू आला नसता. तंबोऱ्याचा षड्ज सेकंदाला १४० कंपनांचा धरा. एक सप्तक खाली गेलो की कंप्रता निम्मी होते. पंधरा वेळा निम्मी करून पाहा. उत्तर सुमारे ०.००४३ येईल, म्हणजे एका कंपनाला जवळजवळ चार मिनिटे. सूर्याचा स्वर याच्याही थोडा खाली आहे!

आत कोंडणारी भिंत, वर कोंडणारी भिंत

तारेला दोन टोके असतात. सूर्यात ती कोठे आहेत?

खालचे टोक समजायला सांगलीला कृष्णेच्या घाटावर जा. हिवाळ्यात पहाटे पैलतीरावरची बोलणी आश्चर्य वाटावे इतकी स्पष्ट ऐकू येतात. पाण्यालगतची हवा थंड, वरची त्या मानाने उबदार. उबदार हवेत ध्वनी अधिक वेगाने जातो, म्हणून वर निघालेली लाट वाकून पुन्हा खाली येते. सूर्यात हेच उलट्या बाजूने घडते. खोल जावे तसे तापमान वाढते. पृष्ठभागाशी ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर, तर केंद्राजवळ सुमारे ५०० किलोमीटर. तिरप्या निघालेल्या लाटा आत जाता जाता वाकतात आणि पुन्हा वर येतात. काही उथळ फिरतात, काही खोलवर जातात. म्हणूनच वेगवेगळ्या स्वरांतून वेगवेगळ्या खोलीची बातमी कळते.

मात्र हे स्वर एकमेकांच्या अगदी जवळ असतात. जोडीच्या तारांची गोष्ट आठवा: बराच वेळ कान लावायला हवा, आणि मध्येच रात्र झाली तर सारे बिघडते. म्हणून १९७९-८० मध्ये काही शास्त्रज्ञ थेट दक्षिण ध्रुवावर गेले, कारण तेथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. १९९५ पासून पृथ्वीभोवती सहा ठिकाणी एकसारखी उपकरणे बसवून ही अडचण दूर केली गेली. त्यांपैकी एक राजस्थानात उदयपूरला आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शशिकुमार चित्रे (१९३६–२०२१) आणि एच. एम. अंतिया यांनी या विषयावर मोलाचे काम केले. खळखळणारा थर सूर्यात कोठवर जातो? केंद्रापासून त्रिज्येच्या सुमारे ७१ टक्के अंतरापर्यंत. हा आकडा अंदाजाने ठरवलेला नाही. तो कंपनांवरून काढलेला आहे. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो हे कण अपेक्षेपेक्षा फार कमी मिळतात, तेव्हा सूर्याचा गाभा आपण समजतो त्यापेक्षा थंड असावा काय, असा वाद बरीच वर्षे चालला होता. कंपनांनी साक्ष दिली, की गाभ्याविषयीचे गणित बरोबर आहे. २००१-०२ मध्ये कॅनडातील प्रयोगांतून सिद्ध झाले की वाटेत न्यूट्रिनोच आपले रूप बदलतात.

आता वरचे टोक, आणि आपला खरा विषय येथून सुरू होतो. सूर्याच्या पृष्ठभागावर वर चढावे तसा वायू झपाट्याने विरळ होतो. शंभर-दीडशे किलोमीटर वर गेले की घनता साधारण एक-तृतीयांश होते. सेकंदाला ७ किलोमीटर वेगाची पाच मिनिटांची लाट किती लांब असेल? ७ गुणिले ३००, म्हणजे २,१०० किलोमीटर. एवढ्या लांबीत तर वायू जवळजवळ संपूनच जातो. लाटेला पुढे ढकलायला काही उरत नाही आणि ती मागे फिरते. हिशेब असा सांगतो की सुमारे तीन मिनिटांहून मोठ्या आवर्तकालाच्या लाटा येथून परततात. त्याहून लहान आवर्तकालाच्या लाटा मात्र भिंत ओलांडून वर निसटतात.

या निसटलेल्या लाटांचे पुढे काय होते?

चुलीपासून दूर जावे तशी ऊब वाढते

हेच ते कोडे. सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागाचे, म्हणजे दीप्तिगोलाचे, तापमान सुमारे ५,८०० केल्विन. थोडे वर गेले की ते ४,५०० च्या आसपास उतरते. हे ठीकच झाले. चुलीपासून दूर गेले की ऊब कमी व्हायचीच. पण त्याच्याही वर, वर्णगोलात, ते पुन्हा वाढून दहा हजारांच्या घरात जाते, आणि किरीटात तर दहा लाखांच्या पलीकडे! कोणी तरी खालून वर ऊर्जा नेऊन तेथे ओतत असले पाहिजे.

ते काम ध्वनिलाटा करत असतील काय? आसूड पाहिला आहे ना? मुठीशी जाड, टोकाला बारीक. हाताने दिलेला हेलकावा टोकाकडे जाताना वाढत जातो आणि शेवटी कडाड असा आवाज होतो. विरळ होत जाणाऱ्या वायूत वर चढणारी लाट अशीच उग्र होते, तिचा आघात होतो आणि तिची ऊर्जा उष्णतेत बदलते. कल्पना तर झकास आहे. पण विज्ञानात झकास कल्पनेला कोणी शाबासकी देत नाही. लाटा किती ऊर्जा नेतात ते मोजून दाखवावे लागते. आणि मोजायचे तर लाटेला वर चढत असताना पकडायला हवे. येथे जंबुपार किरण कामाला येतात.

जंबुपारच का?

कारणे दोन. पहिले असे. पावसाळ्यात महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटावरून दरीत पाहा. धुके दाट असेल तर फक्त वरची झाडे दिसतात. ते विरळ असेल तर पार तळापर्यंत नजर जाते. सूर्याचा वायू साध्या दृश्य प्रकाशाला त्या मानाने पारदर्शक आहे, म्हणून दृश्य प्रकाशात आपल्याला दीप्तिगोल दिसतो. जंबुपार किरणांना तोच वायू दाट धुक्यासारखा. त्यांतून दिसतात ते वरचे थर. तरंगलांबी बदलली की धुक्याचा दाटपणा बदलतो आणि वेगवेगळ्या उंचीवरचे दृश्य मिळते. २८० नॅनोमीटरजवळ मॅग्नेशियमच्या दोन रेषा आहेत. त्या वर्णगोल दाखवतात. मग खालच्या थरात लाट केव्हा दिसली आणि वरच्या थरात केव्हा, यातील अंतर घड्याळ लावून मोजायचे.

दुसरे कारण गणिताचे आहे. लाट वायूला दाबते तेव्हा तो किंचित तापतो आणि किंचित उजळतो. तापमान १ टक्का वाढले तर प्रकाश किती टक्के वाढेल? ढोबळ नियम असा: १,४४,००,००० ला तरंगलांबी (नॅनोमीटरमध्ये) आणि तापमान (केल्विनमध्ये) यांच्या गुणाकाराने भागा. तापमान ५,८०० धरून हिरव्या प्रकाशासाठी, म्हणजे ५०० नॅनोमीटरला, करून पाहा. उत्तर सुमारे ५ टक्के येते. आता २५० नॅनोमीटरला करा. सुमारे १० टक्के! थरथर तीच, पण जंबुपार प्रकाशात ती दुप्पट ठळक उमटते. अर्थात फुकट काही मिळत नाही. सूर्य मुळात जंबुपार प्रकाशाची उधळण कमी करतो, आणि ३०० नॅनोमीटरखालचे बहुतेक सारे किरण आपल्या वातावरणातील ओझोन शोषून घेतो. आपल्या कातडीच्या दृष्टीने ते बरेच आहे. ज्योतिषशास्त्रज्ञांना मात्र दुर्बीण आकाशात धाडावी लागते.

१९७५ साली ओएसओ-८ हा उपग्रह सोडला गेला. त्याच्या जंबुपार निरीक्षणांचा निष्कर्ष निराशा करणारा होता: वरच्या वर्णगोलात पोचणाऱ्या ध्वनिलाटांची ऊर्जा किरीटाला तापवायला फार अपुरी आहे. पण वर्णगोलाचे काय? १९९८ साली सोडलेल्या ट्रेस उपग्रहाची जंबुपार चित्रे वापरून ऑस्लो विद्यापीठातील आस्ट्रिड फॉसम आणि मॅट्स कार्लसन यांनी २००५ साली सांगितले, की तेथेही लाटांची ऊर्जा गरजेच्या सुमारे एक-दशांशच भरते. यावर लगेच आक्षेप निघाले. उपग्रहाची नजर तितकी तीक्ष्ण नसेल आणि बारीक लाटा एकमेकींत मिसळून पुसल्या जात असतील, तर मोजलेली ऊर्जा कमीच भरणार! पुढे जमिनीवरच्या अधिक तीक्ष्ण दुर्बिणींतून पाहणाऱ्यांना जास्त ऊर्जा आढळलीही. शिवाय चुंबकीय क्षेत्र जेथे तिरपे असते तेथे पाच मिनिटांच्या लाटांनाही उतरणीची वाट सापडते आणि त्या वर निसटतात. माझ्या मते आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे दुर्लक्षण्याजोगे नव्हते. आपण जे पाहिले नाही ते नाहीच, असे म्हणणे नेहमी धोक्याचे.

ताऱ्यांची नाडी

सूर्य आपल्याला थाळीएवढा दिसतो. तारे म्हणजे नुसते ठिपके. ताऱ्याचा एक भाग उजळला आणि त्याच वेळी दुसरा मंदावला तर ठिपक्याचा एकूण प्रकाश तितकाच राहतो, आणि आपण फसतो. येथेही जंबुपार प्रकाश मदतीला येतो. त्यात ताऱ्याच्या कडा मधल्या भागापेक्षा फारच काळवंडलेल्या असतात. त्यामुळे कडेचा भाग मधल्या भागाला पुरता खोडून काढू शकत नाही. दृश्य आणि जंबुपार प्रकाशांतील चढउतारांची तुलना केली की तारा कोणत्या आकृतीत थरथरतो ते ओळखता येते. जी ११७-बी १५ ए असे बोजड नाव असलेला एक श्वेत बटू तारा २१५ सेकंदांच्या आवर्तकालाने स्पंदतो. १९९० च्या दशकात हबल दुर्बिणीच्या जंबुपार निरीक्षणांवरून त्याच्या थरथरीची आकृती अशीच ओळखली गेली.

पुण्यात घडलेला डोळा

सातारा-सांगलीहून पुणे दूर नाही. तेथील आयुका या संस्थेच्या पुढाकाराने, इस्रो आणि इतर संस्थांच्या साह्याने, ‘सूट’ नावाची सौर जंबुपार दुर्बीण तयार झाली. भारताच्या आदित्य-एल१ यानाबरोबर ती २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाली. ६ जानेवारी २०२४ रोजी यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील ठरलेल्या कक्षेत पोचले. तेथे सूर्य कधी मावळत नाही. सूट २०० ते ४०० नॅनोमीटर या पट्ट्यात अकरा गाळण्यांतून सूर्याची चित्रे घेते. मॅग्नेशियमच्या रेषा त्यांत आहेत, आणि खालचे थर दाखवणाऱ्या गाळण्याही आहेत. म्हणजे एकाच लाटेचा माग वेगवेगळ्या मजल्यांवर काढण्याची सोय या दुर्बिणीत आहे.

चित्रे किती वेळाने घ्यावीत, हाही प्रश्न महत्त्वाचा. पाच मिनिटांची थरथर पाहायला बरोबर पाच मिनिटांनी एकेक चित्र घेतले तर काय दिसेल? काहीच नाही! दर खेपेला वायू त्याच जागी सापडेल. एका कंपनात निदान दोनांहून अधिक चित्रे हवीत.

शेवटी एक उदाहरण तुमच्यासाठी. समजा, दोन गाळण्यांतून दिसणाऱ्या थरांच्या उंचीत २०० किलोमीटरचा फरक आहे आणि लाट सेकंदाला ७ किलोमीटर वेगाने सरळ वर जाते आहे. खाली दिसलेली लाट वर किती सेकंदांनी दिसेल? आणि दोन्ही थरांत ती एकाच क्षणी उजळलेली दिसली, तर ती लाट वर निसटली असेल, की कोंडलेली असेल? पहिल्याचे उत्तर सुमारे २९ सेकंद. दुसऱ्याचे उत्तर तंबोऱ्याच्या तारेकडे पाहून शोधा आणि वर्गात आपल्या शिक्षकांना सांगा.